पारखीकाकांची जीभ

तांब्याच्या जुन्या नाण्यावरचा रंग काळाने चढवलाय की माणसाने, हे पारखीकाका नाणं चाटून सांगत. भिंग त्यांच्या टेबलावर असे, पण ते पेपर वाचायला.

एका नाणीवाल्याची दोन नाणी त्यांनी याआधी बशीत थुंकून परत केली होती. एकाला गंधकाचा धूर दिलेला होता, दुसरं व्हिनेगरमध्ये बुडवलेलं. “तिसऱ्यांदा फसवलंस, तर आपल्या नाणेसंग्राहक संघाच्या प्रदर्शनात तुला पाय ठेवू देणार नाही,” असा दमही भरला होता.

आज त्याने घाबरत घाबरत तिसरं नाणं पुढे केलं. तपकिरी अंगावर निळसर-हिरवी झाक सुरेख उतरली होती. काकांनी ते दोन्ही बाजूंनी सावकाश चाटलं, डोळे मिटले आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा चाटलं.

“शी! अहो, कुणाचं काय काय तोंडात घालता!” काकू दारातूनच ओरडल्या.

“तू गप गं! जरा खारट लागतंय, म्हणजे ही जुन्या मातीची चव. शंभर वर्षं तरी पुरलेलं असणार. बाटलीतल्या रसायनाचा थेंब नाही यात!” काकांनी दाखल्यावर ‘रंग नैसर्गिक’ असं लिहून झोकात सही ठोकली आणि बोटंही चाटली.



जिन्यात पोचताच नाणीवाल्याने बायकोला फोन लावला, “अगं, पास झालं! आता उरलेली बाराही नाणी मनीमाऊच्या मुतायच्या वाळूत पुरून टाक, आणि तिला पाणी जरा जास्त पाज.”