येऊ का, बाई?

“‘परवानगी’ हा शब्द तोंडातून निघाला की खटला संपला, मास्तर. एवढं डोक्यात पक्कं करा,” वकीलबाईंनी बजावलं.

शिंपीमास्तरांनी मान डोलावली. कोर्टासाठी त्यांनी स्वतःच कोट शिवला होता आणि त्यात ते पार अवघडून गेले होते.

भांडण होतं बोळाचं. मास्तरांचं दुकान इमारतीच्या मागल्या अंगाला, आणि तिथं जायला वाट एकच, शेजारच्या घराच्या अंगणातून. उभी हयात मास्तर त्याच बोळातून आले-गेले. काही महिन्यांपूर्वी शेजारच्या प्राध्यापिकाबाईंनी फाटकाला कुलूप घातलं. तेव्हापासून मास्तर स्टुलावर चढून भिंतीवरून आत उतरत आणि गिऱ्हाइकांची मापं भिंतीपलीकडून घेत. अशी मापं किती दिवस बरोबर येणार? गिऱ्हाइकं गळायला लागली होती. निकाल विरुद्ध गेला असता तर दुकानाला टाळंच.

शेजारचं घर बाई आणि त्यांचा मुलगा अशा दोघांच्या नावावर होतं. मुलाला ते विकायची घाई झाली होती, आणि घेणाऱ्या बिल्डरची अट एकच होती, आधी बोळ बंद करून द्या.

“हक्कानं वापरली ती वहिवाट,” वकीलबाई म्हणाल्या. “विचारून वापरली ती मेहेरबानी. वहिवाट कुणाच्या बापाला मोडता येत नाही. मेहेरबानी उद्या सकाळी काढून घेता येते.”

“बाई तशा चांगल्या आहेत हो. एकदा बोलून बघू का?”

“खबरदार! आपण जिंकलो, तर घर विकल्यावरही तो निकाल पाळावा लागेल. निकालात निघालेला मुद्दा घर घेणाऱ्यालाही पुन्हा उकरून काढता येत नाही. पण भांडण खरं पाहिजे. तुमचं दोघांचं साटंलोटं होतं असा नुसता वास आला, तरी त्या निकालाला काडीची किंमत नाही.”

मास्तर कोटाची गुंडी चाचपत राहिले.

“आणि काय हो, तुम्हाला माझ्याकडे पाठवलं कुणी? पहिल्या दिवशीही टाळलंत.”

“निकालानंतर सांगतो. तसा शब्द दिलाय.”

वकीलबाई हसल्या. कोर्टात त्यांना सगळे ‘तोफ’ म्हणत. तोफेकडे माणसं पाठवणारे पुष्कळ होते.

खटला पुकारला गेला. समोर प्राध्यापिकाबाई स्वतःच उभ्या होत्या, वकीलबिकील न करता. जन्मभर कायदा शिकवलेली बाई! शेजारी मुलगा, मागच्या बाकावर बिल्डर. वर्गात शिकवणं वेगळं आणि इथं उभं राहणं वेगळं, वकीलबाईंनी मनात म्हटलं. मास्तरांची साक्षही झकास झाली. कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलं नाही, उजळ माथ्यानं गेलो.

मग प्राध्यापिकाबाईंनी चष्मा सारखा केला.

“मास्तर, संध्याकाळी दुकान बंद करून माझ्या अंगणातून निघताना मला काय म्हणायचात?”

मास्तरांना खोटं बोलता येत नव्हतं. “म्हणायचो, ‘येऊ का, बाई?’”

“आणि मी?”

“‘या’ म्हणायच्यात.”

“रोज?”

“रोजच की.”

“म्हणजे यांनी रोज विचारलं आणि मी रोज परवानगी दिली. मला आणखी काही विचारायचं नाही, साहेब.”

वकीलबाईंनी हातातले कागद खाली ठेवले. सगळ्या बाजूंनी विचार केला होता त्यांनी, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मागे बिल्डर सावरून बसला. मुलानं आईकडे कौतुकानं पाहिलं.

न्यायाधीशांनी मास्तरांना खाली उतरायला सांगितलं. मास्तर कसनुसे होऊन उतरले, आणि जन्माची सवय, हात जोडून म्हणाले, “येऊ का, साहेब?”

न्यायाधीश लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “या.”

कोर्टात खसखस पिकली. तोफ ताडकन उठली.

“साहेब, आत्ता आपण यांना परवानगी दिलीत. कुठे यायची?”

न्यायाधीशांची लेखणी थांबली.

“निघताना ‘जातो’ कोण म्हणतं आपल्यात? ‘येऊ का’ हा निरोप झाला, साहेब, विनंती नव्हे. सकाळी आत येताना मास्तर काही विचारायचे का, ते बाईंनीच सांगावं.”

“छे,” प्राध्यापिकाबाई शांतपणे म्हणाल्या. “सरळ घुसायचे.”

निकाल मास्तरांच्या बाजूनं लागला. बोळ ही वहिवाट, ती घराच्या मालकांवर आणि पुढे घर घेणाऱ्यावरही बंधनकारक. एका ‘येऊ का’वर न्यायाधीशांनी अख्खं पान खर्ची घातलं होतं. वाचन संपायच्या आतच बिल्डर उठून गेला. मुलगा धुसफुसत त्याच्यामागे धावला. प्राध्यापिकाबाईंनी चष्मा पुसून डबीत ठेवला आणि फाटकाची किल्ली वकीलबाईंच्या हातात दिली.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई भलत्याच खुशीत होत्या. “शहाण्या बाईनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, मास्तर! हा मुद्दा आपल्याला सगळ्यात घातक होता. उद्या बिल्डरच्या एखाद्या मुरलेल्या वकिलानं तो काढला असता, तर आपली धडगत नव्हती. यांनी तो इथंच काढला आणि कायमचा निकालात निघाला. धन्य ते शिकवणं!”

मास्तरांनी कोटाची वरची गुंडी सोडली आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

“बरं, झाला ना निकाल? आता सांगा, माझ्याकडे कुणी पाठवलं तुम्हाला?”

“बाईंनीच. कुलूप लावलं त्याच दिवशी. म्हणाल्या, ‘तिच्याकडे जा. मला हरवेल अशी या कोर्टात ती एकच आहे.’”