केन्याची कन्या

"एक मात्रा खाल्लीत चाचा, आणि माझं पार वाटोळं केलंत!"

नृसिंहनं पत्रक छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेटीवर आपटलं. त्यानं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं, 'केन्या शाळेतील मुलांना फी, पुस्तके, गणवेश मोफत. त्यासाठी विद्यार्थी मंडळाचे नाटक रविवारी. अवश्य या.' छापून आलं होतं, 'कन्या शाळेतील मुलींना.' अशी दीड हजार पत्रकं एसटी कंडक्टरांच्या हातून गावोगाव गेलीसुद्धा!

रशीदचाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "खाल्ली न्हाय, काढली. तीस वर्सं खिळे जुळवतोय मी. शाळेच्या अदुगर कन्या येती. केन्या कवा आली? म्हटलं, पोराचा हात घाईत चुकला असंल."

"आणि मुलांच्या मुली कुणी केल्या?"

"आता कन्या शाळंत पोरं कशी बसतील, मर्दा?"

"अहो, केन्या देश आहे! आफ्रिकेत आहे!"

"मग आफ्रिका लिवायचं की!"

आफ्रिका हा शब्द नृसिंहनंच खोडला होता. केन्या कुठं आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, असं मंडळाच्या बैठकीत तोच मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता. आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला झालं.

तिकडची शाळा म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. त्यातल्या चाळीस मुलांचा खर्च कॉलेजच्या पोरांनी अंगावर घेतला होता. हेडमास्तरांचं पत्र नृसिंहच्या खिशात होतं. जून संपायच्या आत फी आली नाही, तर मुलं घरी बसतील. नाटक परवावर आलं, तरी तिकीट मागायला काळं कुत्रं फिरकलं नव्हतं. पत्रकाखाली छापखान्याचा पत्ता होता, त्या पत्त्यावर सकाळपासून तीन आया मात्र पोरींना घेऊन येऊन गेल्या होत्या. तिघींना त्यानं वसकन अंगावर जाऊन परत पाठवलं होतं.

"कन्या शाळा हितंच का वं, पावणं?"

ही चौथी. मागं दोन वेण्या घट्ट बांधलेली पोरगी. नृसिंहनं डोक्याला हात लावला.

"मी बाळाबाई. शाहूवाडीकडनं आलोय, पहाटंच्या यष्टीनं. पोरीचं नाव घालायचं हाय. सातवी झाली. वाडीत फुडं शाळा न्हाय."

"मावशी, ऐका..."

"तिचा बा पोरांत बसवत न्हाय म्हणतो. ह्यो कागद पोरीनंच त्याला वाचून दावला. निस्त्या पोरींची शाळा, वर समदं फुकाट. तवा कुठं व्हय म्हटला. न्हाय तर ह्याच साली माझ्या भावाच्या पोराला देऊन मोकळा हुनार हुता."

नृसिंहनं चाचांकडं रागानं पाहिलं. चाचा उगीचच खिळे चिवडत बसले होते. पोरगी मात्र त्याच्याकडंच बघत होती. तोंडाशी आलेला राग त्याला गिळावा लागला.

"मावशी, छपाईत चूक झाली. ही शाळा इथं नाही. आफ्रिकेत आहे."

"यष्टी जाती का तिकडं?"

"नाही हो. समुद्रापलीकडं आहे. बोटीनं जावं लागतं." मग घाईघाईनं म्हणाला, "इथं शहरात आहेत की मुलींच्या शाळा! तिथं घाला नाव."

"तिथं इचारूनच आलोय. ऱ्हायला हिची आत्ती हाय हितं, त्येची काळजी न्हाय. पर फी, पुस्तकं, कापडं कोण देनार?"

बाळाबाईनं पत्रक उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"म्हंजे त्या लांबच्या पोरांची फी तुमी भरता?"

"हो."

"आन् त्येंच्यासाठी हितं नाटक लावलंय?"

"हो, मावशी."

ती चिडेल, शिव्या घालेल, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बाळाबाई कौतुकानं म्हणाली, "लई चांगलं करताय, बाबा. पुण्य लागंल." तिनं पोरीचा हात धरला, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"येवढं फकस्त सांगा, आमच्या पोरींसाठी नाटक कुठल्या देशात लावलंय? कितीबी लांब असू दे. आमी जातो."