मंगळसूत्र सापडलं

साहेब पाण्यातून वर आला तेव्हा त्याच्या तोंडात श्वासाची नळी होती, डोळ्यांवर काच होती आणि मुठीत मंगळसूत्र होतं.

होडीत बसलेल्या सत्यदेवच्या हातून एक वल्हं सुटलं.

कॅरोल वादळानंतरचं वर्ष. हे गोरं जोडपं आपल्या शिडाच्या बोटीतून बेटामागून बेट पालथं घालत मॉरिशसला आलं होतं. बुड्या मारायच्या, किनारे धुंडाळायचे, शंख, कवड्या, फुटक्या बाटल्या, जे सापडेल ते गोळा करायचं आणि खूश व्हायचं, एवढाच त्यांचा उद्योग. होडी वल्हवायला त्यांनी सत्यदेवला धरलं होतं. मादामने मंगळसूत्र आपल्या गवती टोपीला गुंडाळलं आणि कशी दिसते म्हणून विचारलं. टोपी छान दिसत होती.

सत्यदेवच्या बायकोचं मंगळसूत्र वर्षापूर्वी याच खाडीत पडलं होतं. म्हणजे त्याने तिला तसं सांगितलं होतं. ओवून आणायला दिलेलं, होडीत चढताना खिशातून निसटलं. खरं म्हणजे ते पोर्ट लुईच्या शर्यतीत एका तपकिरी घोड्यावर लागलं होतं. तो घोडा अजून धावतोच आहे म्हणतात. तेव्हापासून वत्सला, नवरा जिवंत असल्याची खूण राहावी म्हणून, गळ्यात हळकुंड बांधलेला दोरा घालून होती आणि ओहोटी लागली की वरच्या ग्रां बुआ गावाहून उतरून किनारा चाळत होती. सत्यदेवही शोधायला जायचा. मन लावून शोधायचा. एकदा तर तू नीट बघत नाहीस म्हणून त्याने तिच्याशी भांडण काढलं होतं.

आता सापडलेलं कुणाचं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. शेजारचा हरिलाल वारला तेव्हा दहाव्या दिवशी त्याच्या बायकोला, कुंतीवहिनीला, यानेच होडीतून प्रवाळाच्या भिंतीपर्यंत नेलं होतं. सोन्याच्या वाट्या तरी काढून ठेव म्हणून सगळे सांगत होते. ज्याचं होतं त्याच्याबरोबर जाऊ दे, असं म्हणून तिने मंगळसूत्र वाट्यांसकट पाण्यात सोडून दिलं होतं.

सत्यदेवने विचार केला. फार नाही. मग मादामला बेटावरच्या क्रेओल बोलीत सांगितलं की हे माझ्या बायकोचं, गेल्या वर्षी हरवलेलं. मादामचे डोळे भरून आले. तिने टोपी उतरवली, सत्यदेवला मिठी मारली आणि साहेबाला कॅमेरा आणायला पिटाळलं. नवरा बायकोच्या गळ्यात घालतानाचा फोटो तिला हवाच होता.

वत्सला किनाऱ्यालगत गुडघाभर पाण्यात वाकलेली होती.

"सापडलं," सत्यदेव म्हणाला. आवाज जरा जास्तच आनंदी निघाला.

तिने ते घेतलं, पदराने पुसलं, दोन्ही वाट्या उलटून पाहिल्या. मग पुन्हा पाहिल्या. मादामला वाटलं, आनंदाने.

"कुंतीवहिनीचं आहे," वत्सला म्हणाली. "दहाव्याला तिच्या गळ्यातून मीच काढलं होतं."

"पाण्यात राहून सगळी सारखीच दिसतात."

"माझं कुठाय?"

सत्यदेवने समुद्राकडे पाहिलं. मग कशाला कोण जाणे, बोटीकडे पाहिलं. त्याला त्या घोड्याचं नावसुद्धा आठवेना.

वत्सलाने ओचा सोडला. वर्षभराच्या सवयीने सकाळपासून गोळा केलेल्या शिंपल्या आणि काचांचे तुकडे पाण्यात पडले. मग तिने गळ्यातला हळकुंडाचा दोरा तोडला आणि दहाव्याला सोडतात तसा, दोन्ही हातांनी, पाण्यात सोडला. सत्यदेवच्या हातात मंगळसूत्र दिलं, पाठ फिरवली आणि अंबाडा वर धरला.

"बांधा," ती म्हणाली. "कुंतीवहिनीला लाभलं, मला पण लाभेल."

सत्यदेवला गाठ मारता येईना. मादामने कॅमेऱ्याआडून हसा म्हणून खूण केली.

वत्सला हसली.