थोरलीचा लॅपटॉप

थोरली वारल्यापासून तिचा लॅपटॉप कितीही वेळा बंद केला, तरी आपोआप पुन्हा चालू व्हायचा. दहाव्याला पिंडाला कावळाही शिवला नव्हता. आदिनाथ दुरुस्तीला येऊन बसला, तेव्हा तिची आई मंगल नवऱ्याला, पंडितला, विनवत होती, “तिचा जीव धाकटीत अडकलाय. ऊसतोडीला जायच्या आत वर्षाराणीचं लगीन करणार न्हाई, असा शब्द द्या तिला.”

पंडितचे डोळे भरून आले. तो बोलणार, तेवढ्यात आदिनाथनं एक सेटिंग बदलून लॅपटॉप बंद केला. या वेळी तो बंदच राहिला.

“शांत झाली पोरगी,” म्हणत पंडित उठला. “पाव्हण्यांना होकार कळवतो.”

आदिनाथ दारात चपला घालत होता, तेव्हा दहावीतली वर्षाराणी हळूच म्हणाली, “दादा, त्यो परत बिघडवता येतो का?”