काहून?

नागपुरातल्या मनीषनगरच्या पार्वतीबाईंना दिवसातून सात-आठ वेळा मिहानजवळचा प्लॉट घ्यायचा आग्रह व्हायचा, तोही माणसाकडून नव्हे, मशीनकडून. आवाज इतका गोड, की सुरुवातीला त्या बिचाऱ्या "नको गं बाई, हाय आमाले घर" असं समजावत बसायच्या. मग त्यांना युक्ती सापडली. पलीकडून पुस्तकातलं मराठी आलं की त्या आपल्या बोलीत नुसतं "काहून?", म्हणजे "का?", असं विचारायच्या. मशीनची गाडी तिथंच अडायची.

या रविवारी तर लाइन मोकळी हवीच होती. लेकीचं, अपेक्षाचं लग्न ठरलं होतं आणि पुण्याहून मुलाची आई पहिल्यांदाच फोन करणार होती. नेमका त्याच सकाळी मशीननं पिच्छा पुरवला.

"नमस्कार, मी मेधा बोलते आहे. आपल्याला दोन मिनिटं वेळ आहे का?"

"काहून?"

"क्षमस्व, मला समजलं नाही."

कट! असं एकदा नाही, तीनदा झालं. पार्वतीबाईंनी मैत्रिणीकडे गेलेल्या अपेक्षाला मोठ्या ऐटीत व्हॉइस मेसेज धाडला, "ते मेधा नावाची मशीन भल्ली मांगं लागली वं आज. तीनदा कापलं तिले!"

अपेक्षानं मेसेज ऐकला आणि घाईघाईनं कुणाला तरी फोन लावला.

दहा मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. आवाज तोच गोड, फक्त एकेक शब्द कागदावरून वाचल्यासारखा.



"विहीणबाई, फोन काहून कापून राहिल्या जी?"