काटा हलवणारी हाक

ठमाबाईच्या फेपऱ्याचं मूळ शोधायला पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या होत्या. मशीनचा काटा कागदावर रेघ ओढायचा. डॉक्टर "ठमाबाई" अशा हाका मारून थकले, काटा ढिम्म. तिचा नवरा झुंबर हसला होता.

"सायब, घरात तिला नावानं कोण बोलावतंय?"

त्यानं "आगं ए!" म्हटलं आणि काटा उसळला.

ठमाबाई दवाखान्यातच गेली. महिन्यानं डॉक्टर तिच्या शेवटच्या दिवसाचा कागद घेऊन कन्हेरीला, झुंबरच्या घरी आले. छकुलीनं, झुंबरच्या लेकीनं, आबांना आणि डॉक्टरांना चहा दिला आणि ती चुलीपाशी जाऊन पाठमोरी बसली.

"शेवटच्या दुपारी तुम्ही तिच्याजवळ होता ना?"

"न्हाय वो. म्हशींकडं बघायला घरी आल्तो. एकटीच गेली ती. तेच खातंय मला."

"मग हे काय?" कागदावर तीच उसळी होती, पुन्हा पुन्हा. "दुसऱ्या कुणाच्या हाकेला काटा असा कधी हलला नाही."

झुंबरनं कागदावरून हात फिरवला. "म्हंजे कुणीतरी हुतं तिच्याजवळ," तो म्हणाला. त्याला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात परसातून हाक आली. "आगं ए!"

आवाज झुंबरचाच होता. डॉक्टर त्याच्या मिटलेल्या ओठांकडं बघत राहिले.

चुलीपासून छकुली उठली.

"आली की, आबा," म्हणाली आणि परसाकडं निघाली.