परत पाठवलेलं जहाज

"कुणाला पटायचं न्हाई, जावईबापू, पण म्या एकदा भरलेलं जहाज बंदरातनं माघारी लावलंय," मानसिंग म्हणाले.

नसरापूरच्या दवाखान्याबाहेर कुमार बॅग अडकवून उभा होता. आत त्याच्या बायकोला, नूतनला, कळा सुरू झाल्या होत्या. कुमार कोकणातल्या एका बंदरावर नोकरीला. जहाज कंपन्यांना आपल्याकडं वळवायचं हेच त्याचं काम. आज दुपारी एक बडी कंपनी बंदर बघायला येणार होती. उद्या तीच माणसं शेजारच्या बंदरात.

"मामा, शेजारच्या बंदरानं दर पाडलेत. आमच्याकडं एकच गोष्ट आहे, जहाजाला ताटकळावं लागत नाही. ते कंपनीला पटवायला मीच पाहिजे. उद्या सकाळी इथं हजर होतो."

मानसिंगांची हयात त्याच बंदरात हमालांचा मुकादम म्हणून गेली होती. ते सरसावून बसले.

"तवाबी असंच व्हतं बगा. तिकडं बंदरात जहाज लागलेलं आन् हिला कळा लागल्याचा निरोप आला. म्या निघालो. माझ्याबिगर टोळी पोत्याला हात लावंना. शेजारच्या बंदराची माणसं होडीतनं आली. पाणी फुकट, क्रेन फुकट, वर कॅप्टनला हापूसच्या चार पेट्या! कॅप्टन ढसाढसा रडला, पर गेला. त्येचा भोंगा मला भोरात ऐकू आला."

"भोरात?" कुमारला हसू फुटलं.

"आवो, वरंधा घाटातली माकडं पळाली! आन् म्या हितं पोचलो. पोराच्या मुठीत बोट दिलं, तसं त्यानं डोळं उघडलं. जहाजाचं काय, आठ दिसांनी आपसूक माघारी आलं. तिकडं उंदरं लई!"

बाकावर रतनबाई मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. नवऱ्याच्या थापा त्यांना पाठ होत्या. चाळीस वर्षांत त्यांनी एकही खोडून काढली नव्हती.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. कुमार अजून हसतच होता. "येतो मामा," म्हणत तो वाकून पाया पडला.

मानसिंगांनी त्याचं मनगट धरलं. ते सोडेनात.

"खोटं हाय समदं," रतनबाई म्हणाल्या. "जहाज माघारी गेलंच न्हाई, जावईबापू. ह्यांनी ते रिकामं करूनच घर गाठलं. आन् ते पोर म्हंजी आपली नूतन नव्हं. तिच्या आदीचा ल्योक. दीड दिस जगला. ह्यांनी त्येचं तोंडबी बघितलं न्हाई."